कॅमेरा कुठं उभा होता?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकचा माणूस क्युसेकचा आकडा नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘मारुतीला पाणी कुठवर आलं?’ गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. घोटे, गुडघे, कंबर, छाती या तिच्यावरच्या खुणा. पाणी छातीच्या वर सरकलं की सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर चढवायची धांदल उडते. दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर तोच मारुती असतो आणि तो फोटो घरोघरी, कुणी न शिकवता, वाचला जातो. आमच्या शेजारच्या आजी तर चष्मा सापडायच्या आत निकाल देतात, ‘२०१९ एवढं नाही हे.’

फोटो वाचणं म्हणजे काय, याचं याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही. आजींना ती जागा पाठ आहे, मूर्तीची उंची नजरेत बसली आहे, मागचे पूर आठवतात. म्हणून कागदावरच्या शेंदरी ठिपक्यातून त्या अख्ख्या नदीचा हालहवाल काढतात. पण त्याच फोटोबद्दल पुढचे प्रश्न विचारून बघा. काढणारा पुलावर उभा होता की पायरीवर? मागची देवळं नदीवर रचून ठेवल्यासारखी का दिसताहेत? पाणी चढतंय की उतरतंय? इथं आजीच काय, पंचवीस वर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारेही गडबडतात आणि ‘मस्त आलाय’ म्हणून मोकळे होतात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं फोटोतच असतात. टेली लेन्सनं लांबून काढलं की मधलं अंतर चेपून जातं आणि देवळं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी राहतात. उतरत्या पाण्याची ओली रेघ मूर्तीच्या अंगावर मागं राहते. चढत्या पाण्याची राहत नाही. एवढं पाहायला कुठलीही पदवी लागत नाही, दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आपण फोटोला देत नाही.

या पुस्तकाची सुरुवात अशाच दोन मिनिटांच्या हट्टातून झाली. गंगापूर रोडवर एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी जमू लागलो. त्यात लग्नाचे फोटो काढणारे दोघे, चित्रकलेच्या एक निवृत्त बाई, एक वकील आणि एसटीत तीस वर्षं कंडक्टर राहिलेले एक गृहस्थ. प्रत्येकानं एकच फोटो आणायचा, स्वतः काढलेलाच हवा असं नाही. पहिली दहा मिनिटं मत द्यायचं नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. जो ‘मस्त’, ‘अप्रतिम’ किंवा ‘काय क्षण टिपलाय’ म्हणेल त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. पहिले चार महिने चहा फुकट मिळत राहिला. सगळ्यात जास्त बिल अर्थातच फोटोग्राफर मंडळींनी भरलं.

एका रविवारी मी आमच्या हॉलमधला आजोबांचा फोटो उतरवून नेला. काळा कोट, टाय, छातीपर्यंतचा, पाठीमागं करडा पडदा. चंदनाचा हार काढल्यावर काचेवर त्याची धुळीची कमान उरली होती. निफाडकडं आमची शेती. आजोबांनी जन्मात टाय बांधला नाही, हे मला माहीत होतं, तरी त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी फोटो उजेडाकडं धरला आणि शांतपणे सांगितलं, ‘चेहऱ्यावर उजेड डावीकडून आहे. कोटावर उजवीकडून.’ मग कंडक्टरकाकांना आजोबांच्या कानामागं एक तिरपी, फिकट कड दिसली. दुसऱ्या कुणाच्या तरी फेट्याची. घरी येऊन वडिलांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. आजोबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. थोरल्या काकांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्यानं चेहरा उचलला, कोट त्याच्याकडं तयार होता, बाकी टचिंग. चाळीस वर्षं मी त्या फोटोला नमस्कार करत होतो, पाहत मात्र नव्हतो.

त्या दिवशी मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते कळायला या विषयाचा सगळा नकाशा डोळ्यांखालून घालावा लागला. नवख्या वाचकासाठी तो इथं थोडक्यात मांडतो.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरचं तंत्र जाहीर झालं आणि पंधराच वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. पाठोपाठ १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढं मुंबईत धंदेवाईक फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टरकी सांभाळून कॅमेरा चालवत. म्हणजे ही कला आपल्याकडं उशिरा, उष्टी होऊन आली असं मुळीच नाही. पण ती आली तेव्हा तिचे चालक बहुतेक साहेब होते, आणि त्यांना मोजणी हवी होती. विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यातली माणसं स्टुडिओत उभी करून टिपली होती आणि मग कापून बाहेरच्या देखाव्यावर चिकटवली होती. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून आमच्या भिंतीकडं पाहिलं. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे सरकारी प्रकाशन १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालं. त्यात माणसं आहेत, त्यांच्या जातींची वर्णनं आहेत, आणि बहुतेकांना नाव नाही.

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके या इतिहासात सिनेमाच्या आधीच येतात. जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन करून त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. पुढं सिनेमासाठी भांडवल हवं होतं, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीचं थोडंथोडं चित्रण करत राहिले आणि महिनाभराची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ते नाशिकला आले आणि १९४४ मध्ये इथंच गेले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे; सहली येतात, कारंजं बघतात, जातात. मला त्या वाटाण्याच्या फिल्मचं मोल फार वाटतं. एक फोटो जे सांगू शकत नाही ते अनेक फोटो एकापुढं एक ठेवून सांगता येतं, हे त्यात उघड दिसतं. एकटा फोटो किती मुका असतो, हे फोटोग्राफर म्हणून त्यांना माहीत असणारच.

आता टीकेकडं वळू. सुरुवातीचा वाद एकच होता. ही कला की यंत्राची करामत? बोदलेरनं १८५९ मध्ये फोटोग्राफीला विज्ञानाची आणि कलांची दासी होऊन राहायला बजावलं. फोटोग्राफरांनी त्यावर उत्तर म्हणून चित्रकलेचेच कपडे घातले: धूसर कडा, अनेक निगेटिव्ह जोडून रचलेले प्रसंग, रूपकं. आल्फ्रेड स्टिगलिट्झच्या ‘कॅमेरा वर्क’नं १९०३ ते १९१७ या काळात आधी या धूसरपणाला आणि शेवटी शेवटी थेट, लख्ख फोटोला जागा दिली. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात एफ-६४ गटानं धारदार तपशील हाच धर्म मानला. १९५२ मध्ये कार्तिए-ब्रेसाँच्या पुस्तकाला इंग्रजीत जे नाव मिळालं त्यातून ‘निर्णायक क्षण’ हा शब्द जगभर पसरला. आपले फोटो क्लब आजही या तीन पिढ्यांच्या शिदोरीवर चालतात. रूल ऑफ थर्ड्‌स, क्षितिज सरळ हवं, बॅकग्राउंड स्वच्छ हवं. नियम वाईट नाहीत. पण क्षितिज सरळ करून दिल्यानं फोटो कशाबद्दल आहे ते कळत नाही.

माझ्या मते नवख्याला हातात धरायला सगळ्यात सोयीचं हत्यार जॉन सार्कोव्स्कीनं दिलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा फोटोग्राफी विभाग त्यानं १९६२ पासून जवळजवळ तीन दशकं सांभाळला. १९६६ च्या पुस्तकात त्यानं पाच गोष्टी तपासायला सांगितल्या. समोरची वस्तू, तपशील, चौकट, वेळ आणि उभं राहण्याची जागा. पाचवी गोष्ट आमच्या गच्चीवर सगळ्यांत जास्त घासली गेली. या पुस्तकाचं नावही तिथूनच आलं. सार्कोव्स्कीची उणीव अशी की फोटो म्युझियमच्या पांढऱ्या भिंतीवर पोचल्यावरच तो त्याच्याशी बोलायला लागतो. फोटो तिथं कुठून आला, कुणी कशासाठी काढला, याची त्याला फारशी पडलेली नसते.

हे प्रश्न विचारणारी दुसरी परंपरा आहे. वॉल्टर बेन्यामिननं १९३१ मध्येच, फोटोला फोटोओळ जोडली नाही तर तो लोंबकळत राहील, अशी भीती व्यक्त केली होती. जॉन बर्जरनं १९७२ मध्ये बीबीसीवरच्या चार भागांत, एकच चित्र शेजारच्या शब्दांनी कसं पालटतं ते घराघरांत दाखवलं. सुसन सोंटॅगनं १९७७ मध्ये फोटो काढण्याच्या हावरटपणावरच बोट ठेवलं आणि २००३ मध्ये, इतरांच्या यातना पाहण्याबद्दल लिहिताना, स्वतःचीच काही मतं पुन्हा तपासली. हे धैर्य टीकाकारात क्वचित दिसतं. रोलाँ बार्थनं १९८० मध्ये आईच्या बालपणीच्या एका फोटोवर अर्धं पुस्तक उभं केलं आणि तो फोटो छापला मात्र नाही. आपल्याला तो फक्त कुठल्या तरी मुलीचा फोटो दिसला असता, हे त्याचं कारण. अ‍ॅलन सेकुला आणि जॉन टॅग यांनी पोलिसांच्या नोंदींतले, इस्पितळांतले, सरकारी दफ्तरांतले फोटो पुढं आणून सांगितलं की चेहरा टिपणं आणि माणसाला फायलीत बसवणं ही कामं एकाच काळात मोठी झाली. ‘द पीपल ऑफ इंडिया’ उघडलं की त्यांचं म्हणणं पटायला वेळ लागत नाही.

आणि मग ख्रिस्तोफर पिनी. १९९७ च्या ‘कॅमेरा इंडिका’त त्यानं इंग्रजांचे मोजणीचे फोटो आणि मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंतले फोटो शेजारीशेजारी ठेवले. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाला स्वतः जसा आहे तसा फोटो नको असतो. जसा असू शकतो तसा हवा असतो, हे त्यानं गंभीरपणे घेतलं. जॉन्सननं माणूस कापला तो त्याला एका जातीचा नमुना करण्यासाठी. आमच्या स्टुडिओवाल्यानं आजोबांना कापलं ते त्यांना भिंतीवर मानाची जागा मिळावी म्हणून. कात्री तीच, डिंक तोच. कोट खोटा आहे, हे शोधून काढणं ही पहिली पायरी होती. तो कोट घरच्यांना का हवा होता हे विचारणं ही दुसरी, आणि अवघड. वडील एवढंच म्हणाले, ‘काकांच्या सासरचे सगळे कोटवाले होते.’

मराठीत चांगले फोटो आहेत, त्यांवरचं चांगलं लिखाण फार थोडं. आपण चित्रपटाचं, नाटकाचं, कवितेचं परीक्षण चवीनं वाचतो. फोटोंच्या पुस्तकाबद्दल मात्र ‘देखणं’ आणि ‘संग्राह्य’ या दोन विशेषणांवर भागवतो. गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’, संदेश भंडारे यांचं तमाशावरचं काम, मुंबईच्या सफाई कामगारांवरची सुधारक ओलवे यांची मालिका ही तीन वेगळी जगं आहेत. राजाध्यक्षांकडं उजेड हा दागिना आहे. ओलवे यांच्या कॅमेऱ्यात उजेड गटारात उतरतो, आणि ज्याच्याकडं बघायचं आपण टाळतो तो माणूस मधोमध येतो. दोघांना एकाच मापानं जोखणं वेडेपणाचं, आणि माप वेगळं का, हे सांगता न येणं आळसाचं.

उभं राहण्याच्या जागेचं महत्त्व पटवायला मी वारीची दोन पुस्तकं शेजारी ठेवतो. संदेश भंडारे वारीत चालले आहेत. त्यांच्या फोटोत घाम आहे, ओली धोतरं आहेत, पालात पसरलेले पाय आहेत. उद्धव ठाकरे यांचं ‘पहावा विठ्ठल’ आकाशातून काढलेलं आहे. तिथं वारी म्हणजे हिरव्या माळरानावरून सरकणारी रंगीत रेघ. वरून दिसतो तो आकार खाली चालणाऱ्याला कधीच दिसत नाही, हे खरं. वरून कुणाचंच तोंड दिसत नाही, हेही खरं. कुठलं पुस्तक चांगलं यावर आमच्या बैठकीत दोन रविवार भांडण झालं आणि ते मिटलं नाही.

तेच भांडण आम्हाला शेतकऱ्यांच्या लाँग मार्चच्या फोटोंकडं घेऊन गेलं. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो माणसं निघाली. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनं होते आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची मुख्य मागणी. सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला ही माणसं मुंबईत पोचली. दहावीच्या मुलांची सकाळी अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला. या मार्चचे दोन प्रकारचे फोटो देशभर फिरले. एक उंचावरून काढलेला, लाल टोप्या आणि लाल झेंड्यांनी भरलेला रस्ता. दुसरा तळपायांचा. फोड आलेले, सोललेले, चप्पल तुटलेले पाय.

पायांच्या फोटोंनी मोठं काम केलं, हे नाकारायचं कारण नाही. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. पण फोटो गुडघ्याखाली कापलेला आहे, हेही पाहायला हवं. त्या चौकटीत चेहरा नाही, बोलायला तोंड नाही. तळपाय दुखतो, मागत नाही. वनहक्काचा कायदा २००६ चा आणि बारा वर्षांनंतरही सातबाऱ्यावर नाव नाही, ही तक्रार तळव्यावर उमटत नाही. ती फोटोओळीत यावी लागते, आणि फोन टू फोन फिरताना फोटोओळच सगळ्यात आधी गळून पडते. मग उरते कणव. आरिएला अझूले हिनं २००८ मध्ये मांडलं की फोटो हा काढणारा, ज्याचा काढला तो आणि पाहणारा यांच्यातला व्यवहार आहे. पाहणाऱ्याच्या अंगावरही त्यात देणं येतं. चपला देऊन ते देणं फिटलं असं आपल्याला वाटू देणारा फोटो मला आता थोडा संशयास्पद वाटतो. कंडक्टरकाकांना हे अजिबात मान्य नाही. ‘पाय दिसले म्हणून तर लोकांनी मान वर करून बघितलं,’ असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणंही पुस्तकात तसंच ठेवलं आहे.

हे सगळं आत्ताच का, असं कुणी विचारील. एक कारण २०२७ चा सिंहस्थ. रामकुंडावर आता कॅमेऱ्यांचं रान माजेल आणि त्यातून तोच राख फासलेला, धुरातून रोखून बघणारा साधू हजारदा निघेल. या साधूनं मलाही एकदा गंडवलंय. एका स्पर्धेत परीक्षक असताना मी अशाच एका फोटोला पहिला क्रमांक दिला. निकाल लागल्यावर प्रवेशिकांचा गठ्ठा पुन्हा चाळताना तोच बाबा, तीच खिडकी, तोच तिरपा उजेड आणखी तिघांच्या नावावर सापडला. सहलीत सगळ्यांनी मिळून पैसे देऊन बसवला होता. तेजू कोल यानं २०१६ मध्ये स्टीव्ह मॅक्‌करीच्या भारतातल्या फोटोंबद्दल, ते नको इतके नीटनेटके आहेत, अशी तक्रार केली होती आणि समोर रघुबीर सिंग यांच्या गजबजलेल्या, कडेला काहीबाही कापलं गेलेल्या चौकटी ठेवल्या होत्या. तो लेख मी आधी वाचला असता तर माझी अब्रू वाचली असती.

दुसरं कारण सगळ्यांच्या खिशात आहे. दर पावसाळ्यात जुन्या पुराचे फोटो ताजे म्हणून फिरतात, आणि आता जे कधी घडलंच नाही त्याचे फोटोही यंत्र बनवून देतं. इथं मला एक कबुली द्यायची आहे. बोटं सहा आहेत का, पाटीवरची अक्षरं वेडीवाकडी आहेत का, असल्या खुणांवर मी या पुस्तकात एकही पान खर्चलेलं नाही. त्या सहा महिन्यांत शिळ्या होतात. उलट, कॅमेरा कुठं उभा होता, हा प्रश्न यंत्राच्या चित्रालाही विचारता येतो. तिथं कुणीच उभं नव्हतं.

पुस्तकात तांत्रिक धडे नाहीत, शटरचा वेग कुठंही शिकवलेला नाही. सिद्धांताची नावं लागतील तिथंच आली आहेत. आमच्या बैठकीत चर्चा झालेले फोटो आणि त्यांवरची बोलणी आहेत. आमच्या चुकाही आहेत, कारण त्या पुसल्या असत्या तर वाचकाला मत बदलताना कुणी दिसलंच नसतं. आधी वर्णन, मग अर्थ, मग मूल्यमापन हा क्रम अमेरिकेत टेरी बॅरेट यांच्यासारख्या शिक्षकांनी रुळवला. तो आम्ही ढोबळपणे पाळला, अडला तिथं मोडला. ‘छायाचित्र’ की ‘प्रकाशचित्र’ हा वाद मी जाणूनबुजून टाळला आणि सरसकट ‘फोटो’ लिहिलं. मराठीत आपण तो काढतो, चित्र काढतो तसाच. या क्रियापदावर माझा जीव आहे.

फोटोओळी मात्र प्रत्येक फोटोखाली न देता शेवटी एकत्र दिल्या आहेत. प्रकाशकांना ते पटत नव्हतं. पटलं ते एका प्रसंगानं. कच्च्या प्रती आमच्या टेबलावर पडल्या होत्या आणि माझी आई भाजी निवडता निवडता त्या उलटत होती. दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षबागेतला फोटो होता. छाटणी करणाऱ्या बायका सावलीत डबे सोडून बसलेल्या. खाली एक अक्षर नव्हतं. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘हा काढणारा पण जेवायला बसलाय की.’

मी विचारलं, कशावरून?

तिनं फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं, चौकटीत अर्धंच आलेलं, एक सातवं झाकण उपडं पडलेलं होतं. बायका सहा होत्या.